ऐकीव ग्राह्य नाही

७ नोव्हेंबर १९८२, रविवार

कार्डावर नुसते चौकोन आहेत. चौकोनात खूण मावते, राग मावत नाही. म्हणून ही वही.

आज मोसमातली पहिली फेरी. पहाटेच्या पॅसेंजरने नाशिकरोडहून निफाडला उतरलो. हारुन मास्तर दरवर्षी सायकलवर घ्यायला येतात, यंदा एस.टी.ने आले. "सायकल पुतन्याला दिली," म्हणाले. मी लांबून दोनदा हात हलवला तरी महाशय तिकीट खिडकीकडे तोंड करून उभे. हाक मारली तेव्हा कुठे वळले. वर्गात पोरांवर ओरडून ओरडून मास्तर लोकांचे बाकी जगाकडे लक्षच राहत नाही.

तिथून नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. थापटे, ती चपट्या चोचीची बदके, आली आहेत, चक्रवाक थोडेच. शेकाटे नेहमीप्रमाणे लांब तंगड्या टाकत चिखलात फिरत होते.

आमचे कार्ड आम्ही दोघांनी १९७९ साली छापून घेतले. कोर्टामागच्या छापखान्यात लग्नपत्रिकाच जास्त निघतात, त्यामुळे कार्डाच्या चारी बाजूंनी आंब्याच्या पानांची वेलबुट्टी तशीच राहिली. बायको सुमन म्हणाली, "बदकांचं लग्न लावताय का?" पण आत पक्ष्यांची मराठी नावे, प्रत्येकापुढे दोन चौकोन, एक माझा, एक मास्तरांचा, आणि खाली मी घालून दिलेले नियम आहेत. दोघांनी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खूण करू नये. ऐकीव नोंद ग्राह्य नाही. जिल्हा कोर्टाच्या नक्कल विभागात माझा जन्म गेला. पुरावा म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

पद्धतही ठरलेली आहे. दुर्बीण माझ्याकडे. मास्तर म्हणतात, "उजवीकडं, पाणकणसात बघा, काहीतरी हाय." मी दुर्बीण फिरवतो, पक्षी तिथेच असतो. मी नाव उच्चारतो, मास्तर म्हणतात "हाय", आणि दोघांच्या खुणा होतात. त्यांची नजर इतकी तयार आहे की दुर्बीण देऊ केली तरी घेत नाहीत. "राहू द्या तुमच्याकडंच, माझी मान दुखती."

२१ नोव्हेंबर

पक्षीमंडळाची बैठक बोरस्ते वकिलांच्या बंगल्यावर झाली. मंडळ आता सगळ्या जिल्ह्याची मोठी यादी छापणार आहे. आमचे बंधाऱ्याचे कार्ड तिच्यात जशास तसे घेणार, खाली आमची दोघांची नावे येणार. जानेवारीत मुंबईहून एक पक्षीतज्ज्ञ येऊन यादी तपासतील. ते म्हणतील ते राहील, बाकीचे जाईल. तपासा म्हणावे. आमची एकेक खूण दोन साक्षीदारांची आहे.

५ डिसेंबर

मास्तरांशी खटका उडाला. त्यांनी तुतवाराची खूण खालच्या पाणकावळ्याच्या ओळीत केली. मागल्या खेपेलाही तेच. मी म्हणालो, "मास्तर, पोरानं असं केलं तर तुम्ही छडी घ्याल." ते हसले आणि कार्ड माझ्याकडे देऊन म्हणाले, "माझ्या बी खुना तुम्हीच करत चला." आळस वाढतो आहे माणसाचा.

परतताना बांधावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो घर येईपर्यंत काढला नाही. थंडी वाजते म्हणाले. घरी गुलजारबी दारातच उभ्या. चहा देताना मला हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, यांना पान्याच्या कडंला एकटं सोडत जाऊ नका." या बाईला नवरा दोन तास नजरेआड झालेला खपत नाही. लहान मूल आहे का ते?

उद्या सहा तारीख. रात्रीच्या गाडीने चैत्यभूमीला जायचे आहे, डबा बांधून झाला.

१२ डिसेंबर

बूटही न काढता वही उघडली आहे. लिहितो.

सकाळी बंधाऱ्यावर दाट धुके. पाणी कुठे संपते आणि गाळ कुठे सुरू होतो ते कळत नव्हते. मी चष्म्याची काच पुसत होतो. मास्तर एकदम थांबले, मान कलती केली आणि माझा दंड असा धरला की अजून दुखतो. "भाऊसाहेब, दोन हायेत. जोडी हाय."

मी दुर्बीण लावली. आधी एकच दिसला. राखाडी अंग, उंची माणसाच्या खांद्याला लागेल इतकी, डोके आणि वरची मान लालभडक. मग त्याच्या मागून दुसरा. मला दुसरा दिसायच्या आधी मास्तरांनी जोडी म्हणून सांगितले होते! काय नजर म्हणावी!

सारस. आपल्या बंधाऱ्यावर सारस! मी ओरडलोच, "मास्तर, सारस!" ते म्हणाले, "हाय. हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. माझ्याही आले.

धुके पुन्हा दाटले, मग ते दिसले नाहीत. कार्डावर सारस छापलेलाच नव्हता. तळाच्या कोऱ्या ओळीत मी नाव लिहिले आणि दोघांच्या खुणा केल्या.

१४ डिसेंबर

कचेरीत चित्त लागत नाही. एका बांधाच्या भांडणातल्या साक्षीची नक्कल काढत होतो: "मी समक्ष पाहिले". असे वाक्य मी जन्मभर लिहीत आलो, पण दर वेळी दुसऱ्याचे. लोकांनी पाहिले, मी नक्कल काढली. आता पहिल्यांदा मी पाहिले आहे आणि ते छापून येणार आहे. सुमनला हे सांगितले तर म्हणाली, "बरं झालं, पण पाहिलं ते दोघांनी ना?" अर्थात दोघांनी. दोघांनी म्हणूनच ते पक्के.

९ जानेवारी १९८३, रविवार

माझा केसाने गळा कापला.

शांतपणे लिहायचे ठरवले होते, पण पहिली ओळ तीच आली. आता क्रमाने लिहितो.

बोरस्ते वकिलांच्या दिवाणखान्यात सगळे मंडळ जमले होते. मुंबईचे साहेब माणूस सभ्य, हळू बोलणारे. यादीवरून पेन्सिल फिरवत सारसाशी थांबले. म्हणाले, "धुकं होतं?" मी म्हणालो, होतं. "क्रौंचाच्या डोक्यावरही थोडं तांबडं असतं. धुक्यात पक्षी मोठा वाटतो. सारस या बाजूला कुणी नोंदवलेला नाही." मी उंची सांगितली, मान सांगितली. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले, "ओरडले का? हाक ऐकली असेल तर वादच मिटेल."

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "साहेब, हाक म्हनजे..."

मी त्यांची बाही ओढून खाली बसवले. ऐन मोक्याला हे फाटे फोडणार! मी म्हणालो, "साहेब, ऐकीव पुरावा कोर्टात टिकत नाही आणि आमच्या कार्डावरही चालत नाही. आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. विचारा यांना."

साहेबांनी विचारले, "मास्तर, तुम्ही पाहिलात?"

सगळी खोली त्यांच्याकडे बघते आहे आणि हे जमिनीकडे.

"तो व्हता, साहेब."

"हो, पण तुम्ही पाहिलात का?"

"व्हता," मास्तर पुन्हा म्हणाले. "जोडी व्हती."

कोणीतरी हसले. बोरस्ते वकील मांडीवर थाप मारून म्हणाले, "पगारे, तुमचा साक्षीदार फुटला की हो!" मग सगळेच हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी सारसापुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढले आणि पुढच्या नावाकडे वळले.

जिना उतरताना मास्तरांनी माझा खांदा चाचपला. मी बाजूला झालो. कठड्याला धरत धरत उतरले. उतरू देत.

११ जानेवारी

दोन दिवस विचार केला. माणूस परक्यांच्या बैठकीत बुजतो. इंग्रजी पुस्तके चाळणारे लोक, खेड्यातला मास्तर. बुजले असतील. मंडळाची यादी छापायला जायला अजून अवकाश आहे. मी प्रतिज्ञापत्र करतो. रीतसर मुद्रांकावर, दोघांच्या सह्यांचे. मग मंडळाची काय टाप आहे नाकारायची?

मसुदा चांगला उतरला आहे. "आम्ही प्रतिज्ञापूर्वक कथन करतो की, दिनांक १२ डिसेंबर १९८२ रोजी सकाळी आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी..."

२३ जानेवारी

मास्तरांच्या घरी गेलो होतो. मी कागद पुढे केला, ते म्हणाले, "वाचा तुम्हीच, चष्मा आत हाय." या माणसाला चष्मा आहे हेच मला ठाऊक नव्हते. वाचून दाखवला. त्यांनी पेन हातात घेतले, बराच वेळ धरून ठेवले आणि खाली ठेवले.

"भाऊसाहेब, 'स्वतःच्या डोळ्यांनी' तेवढं काढा. मंग करतो सही."

"ते काढलं तर उरलं काय?"

"लय उरतं," म्हणाले.

माझा तोल गेला. "त्या दिवशी माझ्या शेजारी उभे राहून 'हाय' म्हणालात ते काय होतं?"

"व्हताच म्हनून म्हनलो."

"पाहिलात की नाही?"

"नाय."

हे इतके शांतपणे म्हणाले की मला आधी समजलेच नाही. मी विचारले, "आणि बाकीचे? चक्रवाक, भोवत्या, टिटव्या? चार वर्षं आपण खुणा करतोय त्या?"

"त्ये बी व्हते. मी कदी 'दिसला' म्हनलो का, आठवा."

म्हणजे वकिली! माझ्याशी! चार वर्षे माझ्या शेजारी उभा राहून हा माणूस शब्दांची कसरत करत होता. मी पाहायचे आणि याने मान डोलवायची. दोन चौकोनांपैकी एक पहिल्यापासून पोकळ. मी त्यांना तोंडावर खोटारडा म्हणालो. गुलजारबी आतून बाहेर आल्या, काही बोलणार होत्या. मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवले. मी कागद उचलला. "भाऊसाहेब, चहा तर घ्या," त्या म्हणाल्या. घेतला नाही.

निफाड स्टेशनवर गाडीची वाट बघताना लक्षात आले, मला रडू येत होते. सारस गेला त्याचे नाही. सख्खा भाऊ असा वागता तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. याला शिवी देववत नव्हती, हे जास्त झोंबले.

३० जानेवारी

रविवार. गेलो नाही. सुमनने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

२० फेब्रुवारी

मंडळाची यादी छापून आली. गुळगुळीत कागद, तिसऱ्या पानावर आमचा बंधारा. सारस नाही. प्रश्नचिन्हासकटसुद्धा नाही. खाली नावे मात्र दोन्ही आहेत: मो. ग. पगारे, हारुन मास्तर. मी काळी शाई घेऊन दुसरे नाव खोडायला बसलो. मग वाटले, एका प्रतीत खोडून काय होणार? बाकीच्या घरोघरी गेल्याच आहेत.

२७ फेब्रुवारी

एकटाच बंधाऱ्यावर गेलो. कोणावाचून अडत नाही हे दाखवायचे होते. कोणाला, ते माहीत नाही.

नवी यादी, नवी पेन्सिल. काठावर बसलो. पाणकणसात खुडबुड चालली होती, कुठेतरी शीळ, मागे बाभळीत एक चिरकणारा आवाज. दुर्बीण इकडून तिकडे फिरवत राहिलो, हाती काही लागेना. पाणकणीस केवढे पसरले आहे! आधी इतके नव्हते बहुधा. एकदा तर सवयीने म्हणूनही गेलो, "मास्तर, कुठं?" मग आजूबाजूला कोणी ऐकले नाही ना ते पाहिले.

निम्मीसुद्धा यादी झाली नाही. पक्षी कमी झालेत यंदा. ऊन तापायला लागले की जातातच.

४ मार्च, शुक्रवार

आज कहर झाला.

सुमनची दाढ दुखत होती म्हणून तिला सिव्हिल हॉस्पिटलात नेले. ती आत दाताच्या डॉक्टरकडे, मी बाहेर बाकावर. समोरच्या बाकावर कोण? हारुन मास्तर. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिले, दोघांमध्ये दोन पावलांचे अंतर, आणि ओळख दाखवली नाही. डोळ्याला डोळा देऊन बसून राहिले! चेहऱ्यावर रेषा हलली नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. मला वाटले होते निदान मान खाली घालतील. मीही बोललो नाही. गुलजारबी कुठूनशा कागद घेऊन आल्या, मला पाहून जागीच थबकल्या, आणि त्याही न बोलता त्यांचा हात धरून घेऊन गेल्या.

हे रात्रीच्या जेवणाआधी लिहिले. आता जेवणानंतरचे लिहितो.

सुमनला सांगितले. अर्ध्या गालाने बोलत तिने विचारले, "कुठल्या बाकावर बसले होते?"

"समोरच्या."

"समोर कसला विभाग आहे?"

मी म्हणालो, डोळ्यांचा.

तिने गालावरचा हात काढला. मग म्हणाली, "अहो, हात धरून नेलं म्हणता त्यांना. आणि अजून तुम्हाला कळलं नाही? जन्मभर नकलाच काढल्यात तुम्ही. लिहिलंय त्याचा अर्थ कधी लावलात का?"

ही वही पहिल्या पानापासून वाचली. तिकीट खिडकी. सायकल. तुतवाराची ओळ. खांद्यावरचा हात. सगळे माझ्याच अक्षरात आहे.

६ मार्च, रविवार

गेलो. न जाऊन भागणार नव्हते.

मास्तर ओट्यावर बसले होते. मी अंगणात पाऊल टाकले, अजून तोंड उघडले नव्हते, तोच म्हणाले, "या भाऊसाहेब. डाव्या पायातला जोडा करकरतो तुमचा, शिवून घ्या." मी शेजारी बसलो. काय बोलायचे ते गाडीत ठरवले होते, त्यातले काही आठवेना.

"मोतीबिंदू का?" मी विचारले.

"काचबिंदू. मोती असता तर तुमच्या नावातलाच मोती म्हनलो असतो, काढता बी आला असता." हसले. "पयल्या वर्षी, कारड छापायच्या आदी, दिसायचं मला चांगलं. मंग कडंकडंनं जात गेलं. आता मधी इवलंसं ऱ्हायलंय, नळीतून बघितल्यावानी. त्ये बी धुरकट. शाळंत कळलं तर घरी बसवतील, म्हनून कुनाला बोललो नाय. पोरं फळा वाचून दाखवत्यात."

"मला सांगायचं होतंत," मी म्हणालो. माझा आवाज चढला. मी माफी मागायला गेलो होतो, पण आतली आग विझली नव्हती, खोटे कशाला लिहू? "चार वर्षं मला फसवलंत. मी का शाळेत चहाड्या करणार होतो?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

मी म्हणालो, काय म्हणजे, तसेच गेलो असतो दोघे.

"कारडावर काय छापलंय?" मास्तर म्हणाले. "ऐकीव ग्राह्य नाय. तुमीच छापलं, तुमीच मला वाचून दाखवलं, लय खूश होऊन. मी तवाच समजलो. आता मला ऐकूच यायचं. पाणकणसात हाय, बाभळीत हाय, त्ये कानानंच सांगायचो. पन त्याला तुमच्याकडं चौकोन नव्हता. म्हनून 'हाय' म्हनलो. खोटं नाय बोललो. तुमच्याशी खोटं नाय बोललो कदी."

"आणि सारस?"

"नर एक लांब हाक मारतो, मादी त्याच्यावर लगोलग दोन आखूड. एका जागंवरनं, एका दमात. क्रौंच असं नाय बोलत. लहानपनी मामाच्या गावाला, लांब तिकडं विदर्भात, रोज ऐकायचो. त्या मुंबईच्या साहेबांनीच इचारलं, हाक ऐकली का. मी उठलो सांगायला." त्यांनी स्वतःची बाही चिमटीत धरली. "तुमी बाही ओढली."

मला त्या सकाळची हाक आठवून पाहायची होती. आठवली नाही. पक्षी माझ्या दुर्बिणीत होते, लाल मान होती, धुके होते, आणि आवाज काहीच नव्हता. इतकी मोठी हाक झाली आणि मी ती ऐकलीच नाही.

मी घाईने म्हणालो, मी साहेबांना भेटायला मुंबईला जातो, तुम्हीही चला, त्यांना हाक करून दाखवा. नवे कार्ड छापू, 'ऐकला' असा तिसरा चौकोन घालू. बोरस्ते वकिलांच्या तोंडावर फेकू.

मास्तरांनी मान हलवली. "नको आता."

"का नको?"

"भाऊसाहेब, मला वाटायचं आपन दोघं सोबतीनं जातो. तुमी तर मला साक्षीला नेत व्हता." रागाने नाही म्हणाले. पुस्तकातले पान उलटावे तसे म्हणाले. "साक्षीदार दुसरा मिळंल तुम्हाला. मंडळात लय हायेत, चांगल्या डोळ्यांचे."

इतके दिवस मी या वहीत विश्वासघात, विश्वासघात म्हणून लिहीत आलो, आणि तो शब्द समोर बसलेल्या माणसाने एकदाही वापरला नाही. त्याने वापरला असता तर मला उत्तर देता आले असते.

गुलजारबी आतून दोनदा ये-जा करून गेल्या. चहा विचारला नाही.

निघालो. अंगणाच्या टोकाला पोचलो तेव्हा वळून पाहिले. मास्तरांनी मान कलती केली होती, तशीच, त्या धुक्यातल्या सकाळसारखी. काहीतरी त्यांना ऐकू आले होते. मी थांबलो. नेहमीसारखे म्हणतील म्हणून वाट पाहिली. ते काही बोलले नाहीत. उठले, चौकट चाचपली आणि आत गेले.

मी वर पाहिले, डोळे दुखेपर्यंत पाहिले. आभाळ मोकळे होते. काही दिसले नाही. पण होते.